डॉलर ९० वर गेला, मग आमचा कांदा का उतरला?

येवल्याजवळच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. तो विचारतो, "रुपया घसरला की निर्यातीच्या मालाला भाव येतो, असं सगळे सांगतात. ऑगस्ट २०२५ अखेर डॉलर ८८ च्या वर गेला, डिसेंबरात ९० ओलांडले. कांद्यावरचं निर्यात शुल्कही १ एप्रिल २०२५ पासून शून्य आहे. तरी आमचा उन्हाळ (उन्हाळ्यात काढलेला) कांदा साठवणीच्या चाळीत सडला आणि भाव आलाच नाही. सरकारचं आयात-निर्यात धोरण आणि रुपयाचा दर यांचा आमच्या भावाशी नेमका संबंध तरी काय?"

बावीस वर्षं मी निफाड तालुक्यात कांदा प्रतवारी करून आखातात, मलेशियात आणि श्रीलंकेत पाठवतो आहे. प्रश्नातली चीड मला समजते. उत्तर थोडं लांब होईल, कारण यात तीन-चार हिशेब एकमेकांत गुंतलेले आहेत आणि एकच सांगितला तर तुमची दिशाभूल होईल.

आधी साधा हिशेब, ज्याला आम्ही पडतळ म्हणतो. दुबईतला व्यापारी टनाला किती डॉलर देणार, त्याचे रुपये किती होणार, त्यातून जहाजभाडं, कंटेनर, बंदरापर्यंतची गाडी, गोणी, निवड, मजुरी, घट आणि सरकारी शुल्क किती जाणार. हे सगळं वजा करून उरतं त्यावर मी लिलावात बोली लावतो. तुमच्या ट्रॅक्टरसमोर उभा राहून व्यापारी जो आकडा पुकारतो, तो असा उलटा मोजत आलेला असतो.

समजा, तो ग्राहक टनाला ३०० डॉलर देतो. डॉलर ८३ रुपये असताना क्विंटलचे २,४९० रुपये झाले, ८८ झाल्यावर २,६४०. म्हणजे रुपया पाच रुपयांनी घसरल्यावर क्विंटलमागे १५० रुपये वाढले. आता त्याच ३०० डॉलरवर २० टक्के निर्यात शुल्क लावा. ६० डॉलर गेले, म्हणजे ८३ च्या दराने क्विंटलमागे जवळपास ५०० रुपये. शुल्क ४० टक्के असेल तर जवळपास १,०००. रुपया वर्ष-दोन वर्षांत हळूहळू जे देतो, त्याच्या सहापट एका संध्याकाळच्या अधिसूचनेत जाऊ शकतं. म्हणून आमच्या धंद्यात कुणी सकाळी उठून आधी डॉलरचा दर बघत नाही. आधी विचारतो, "दिल्लीत रात्री काही निघालं का?"

शुल्क कागदावर निर्यातदार भरतो, पण ते शेवटी कोणाच्या खिशातून जातं? दुबईच्या व्यापाऱ्यासमोर पाकिस्तानचा, इजिप्तचा, चीनचा कांदा ठेवलेला असतो. मी शुल्क त्याच्यावर ढकललं तर तो फोन ठेवतो. जहाज कंपनी भाडं कमी करत नाही, गोणीवाला गोणी स्वस्त देत नाही. राहतो तो एकच, ज्याच्याकडे माल आहे आणि थांबायची सोय नाही. डिसेंबर २०२३ मध्ये घातलेली निर्यातबंदी मे २०२४ मध्ये उठली तेव्हा किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याखाली माल बाहेर पाठवता येत नाही तो भाव, टनाला ५५० डॉलर आणि त्यावर ४० टक्के शुल्क, असे मिळून ७७० डॉलर होत होते. त्या वेळच्या दराने किलोला सुमारे ६४ रुपये, तेही आपल्या बंदरावरच. बातम्यांत आलं, "निर्यात खुली". आम्ही पडतळ काढली आणि गोण्या परत गोदामात ठेवल्या.

आता तुमच्या प्रश्नातला अवघड भाग. शुल्क शून्य असताना रुपया घसरला, तर निदान ते दीडशे-दोनशे तरी का मिळू नयेत?

कारण रुपया डॉलरसमोर घसरला, पण कांद्याच्या बाजारात आपली स्पर्धा अमेरिकेशी नाही. ती पाकिस्तानी रुपयाशी आणि इजिप्तच्या पौंडाशी आहे. २०२२ च्या सुरुवातीला आपला डॉलर साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास होता. २०२४ मध्ये तो ८३ झाला. याच काळात पाकिस्तानात डॉलर पावणेदोनशेच्या आसपास होता तो पावणेतीनशेच्या पुढे गेला. इजिप्तमध्ये मार्च २०२२ पर्यंत डॉलरला १६ पौंडांहून कमी लागत होते. ६ मार्च २०२४ रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेने दर सोडून दिला आणि तो ५० च्या जवळ गेला. तिथे महागाईही वाढली, मजुरी आणि डिझेल चढलं, त्यामुळे सगळा फायदा टिकला नाही. पण कांद्याचं पीक चार-पाच महिन्यांचं. खर्च जुन्या दराने झालेला असतो आणि विक्री नव्या दराने होते. त्या मधल्या काळात कराचीचा निर्यातदार मला टनामागे पन्नास-साठ डॉलरने सहज खाली पाडू शकतो. आपला रुपया घसरूनही आखाती बाजारात आपण महाग झालो. टीव्हीवर रोज दाखवतात तो रुपया-डॉलरचा दर पाहून हे कळत नाही, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय.

घेणाऱ्याच्या चलनाचंही तसंच. बांगलादेश आपला मोठा गिऱ्हाईक. २०२२ च्या सुरुवातीला तिथे डॉलर ८६ टाक्यांना होता, २०२५ मध्ये १२० च्या वर. ढाक्यातल्या माणसाला तोच कांदा त्याच डॉलरला बराच महाग पडतो. शिवाय डॉलरची टंचाई असली की बँका आयातीचं पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची हमी, उघडायला वेळ लावतात, आणि स्वतःचं पीक निघालं की तिथलं सरकार आयात परवाने थांबवतं. त्यात त्यांचं काही चुकत नाही, तेही त्यांच्या शेतकऱ्याला बघतात. २०१९ आणि २०२० मध्ये आपण दोनदा अचानक बंदी घातली, तेव्हा तिथे कांद्यासाठी रांगा लागल्या होत्या. त्यानंतर त्यांनी स्वतःची लागवड वाढवायचा चंग बांधला. आज त्यांचे परवाने मोजून-मापून निघतात, त्याची मुळं तिथे आहेत.

७ डिसेंबर २०२३ ची रात्र मला विसरता येत नाही. ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क आलं होतं, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर किमान मूल्य आलं होतं, तरी काही सौदे चालू होते. माझे पाच कंटेनर निघाले होते. रात्री अधिसूचना आली: ३१ मार्चपर्यंत निर्यात बंद. सूट कोणाला, तर ज्यांचा माल जहाजात चढायला लागला होता, ज्यांचं शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सकडचा निर्यातीचा अर्ज, भरून जहाज धक्क्याला लागलं होतं, किंवा माल कस्टम्सच्या ताब्यात गेला होता. दोन कंटेनर त्यात बसले. तीन रस्त्यावर होते. ड्रायव्हरला थांबवून मी रात्री दोन वाजता मोबाइलवर अधिसूचनेचा एकेक परिच्छेद वाचत होतो, की यात आपण कुठे बसतो का. नाही बसलो. पंचेचाळीस मिलिमीटरच्या वरचा निवडक लाल कांदा देशातल्या बाजारात ओतला. ज्या शेतकऱ्यांना भाव बोललो होतो त्यांना तो दिला, आणि ते कर्ज फेडायला मला पुढचं वर्ष लागलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. दोन-तीन आठवड्यांत लासलगावचा भाव जवळपास निम्म्यावर आला.

त्यात कोण भरडलं गेलं ते नीट बघा. डिसेंबरात येतो तो लाल कांदा. त्याला पातळ साल, पाणी जास्त. तो चाळीत टिकत नाही. उन्हाळ कांद्यावाला निदान दोन महिने थांबू शकतो. लाल कांद्यावाल्याला काढणीनंतर पंधरा-वीस दिवसांत विकावाच लागतो. म्हणजे ज्याच्याकडे थांबायची ताकद सर्वांत कमी, त्याच्याच हातात माल असताना बंदी आली. ग्राहकाला स्वस्त कांदा देण्याचा सगळा खर्च देशाने त्या चार-सहा तालुक्यांतल्या लाल कांदा उत्पादकांकडून वसूल केला. आणि भाव चढले की रातोरात हलणारं सरकार भाव पडले की महिने घेतं. ती बंदी उठायला मे २०२४ उजाडला, किमान मूल्य जायला सप्टेंबर, उरलेलं २० टक्के शुल्क जायला एप्रिल २०२५. तोवर आमचे मलेशियातले दोन जुने ग्राहक दुसरीकडे वळले होते. भावात थोडं खाली-वर झालेलं ग्राहक सहन करतो. माल येईल की नाही याचीच खात्री नसेल तर तो दुसरा पुरवठादार धरतो, आणि शुल्क शून्य झाल्याचा फोन केला म्हणून परत येत नाही.

कांदा हे बाहेर विकायचं पीक. सोयाबीन आणि कापूस यांचं गणित उलट बाजूने चालतं, कारण तिथे बाहेरचा माल आत येतो. रुपया घसरला की आयात तेल महाग, म्हणजे इथल्या सोयाबीनला आधार, असं वाटतं आणि काही अंशी ते खरं आहे. पण तेल महाग झालं की शहरात ओरड होते, आणि सरकार आयात शुल्क उतरवतं. रुपयाने जे दिलं ते शुल्काने परत घेतलं जातं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्य केलं, ते तब्बल तीन वर्षं तसंच राहिलं. १४ सप्टेंबर २०२४ ला ते २० टक्के केलं, म्हणजे उपकर धरून एकूण भार साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के झाला. मे २०२५ अखेर पुन्हा निम्मं उतरवलं, एकूण साडेसोळा टक्क्यांवर. खरिपाची पेरणी तोंडावर असताना.

सप्टेंबर २०२४ ची वाढ झाली तेव्हा लातूर, हिंगोलीकडचे मित्र मला विचारत होते की आता तरी ४,८९२ चा हमीभाव ओलांडेल ना. नाही ओलांडला. याचं कारण फार कमी लोक सांगतात. सोयाबीनच्या एका क्विंटलमध्ये तेल निघतं साधारण १८ किलो, उरलेली ८० किलो पेंड. तेल किलोला शंभर रुपये धरा. २२ टक्के वाढीव शुल्क पूर्णच्या पूर्ण भावात उतरलं तरी क्विंटलमागे ३९६ रुपये. आणि पेंड किलोमागे पाच रुपयांनी उतरली तर ४०० रुपये गेले. दोन्ही बाजू फिटल्या. त्या हंगामात पेंड खरोखरच पडलेली होती. एक तर जगात पेंड मुबलक होती. दुसरं, मका-तांदळापासून इथेनॉल करताना मागे उरणारा डीडीजीएस नावाचा चोथा कोंबडीखाद्यात स्वस्तात जाऊ लागला होता. सोयाबीनचा भाव ठरवणारं एक चाक इथेनॉल धोरणात होतं, आणि सगळ्यांचं लक्ष तेलाच्या शुल्कावर होतं.

आणि यात दुसऱ्या देशाचं चलनही येतं. अर्जेंटिना सोयापेंड आणि सोयातेलाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार, आपण सोयातेल सर्वाधिक तिथूनच घेतो. तिथलं सरकार सोयाबीनवर ३३ टक्क्यांपर्यंत निर्यात कर घ्यायचं, आणि वर डॉलरचा सरकारी दर बाजारातल्या दरापेक्षा खूप कमी ठेवायचं. शेतकऱ्याला डॉलरचे पैसे सरकारी दराने मिळायचे, खत मात्र महाग डॉलरच्या हिशेबाने घ्यायचं. मग त्यांनी सोयाबीन लांबच लांब पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून शेतातच ठेवायला सुरुवात केली. ती त्यांची चाळ. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारला डॉलरची निकड लागली, तेव्हा त्यांनी फक्त सोयाबीनसाठी डॉलरला २०० पेसो असा खास दर दिला. सरकारी दर १४० च्या आसपास होता. एका महिन्यात एक कोटी टनांहून जास्त सोयाबीन बाहेर पडलं. पाऊस तोच, बाजार तोच, फक्त दराचा आकडा बदलला.

२२ सप्टेंबर २०२५ ला त्यांनी धान्य-तेलबियांवरचा निर्यात कर तात्पुरता शून्य केला, ७ अब्ज डॉलरची नोंद होईपर्यंत. तीन दिवसांत ती मर्यादा संपली. भारतीय खरेदीदारांनीही त्या तीन दिवसांत सोयातेलाचे मोठे सौदे केले. त्याच आठवड्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने सोयाबीन पाण्यात उभं होतं. पीक कमी म्हणजे भाव जास्त, असा आपला अनुभव. पण ब्वेनोस आयरेसमधल्या एका निर्णयाने तेलाची स्वस्त खेप आधीच ठरून गेली होती.

आपणही दुसऱ्यांशी असंच वागतो, हेही सांगितलं पाहिजे. तुरीचं बघा. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेपर्यंत गेली. २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी डाळ खरेदीचा करार केला. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांनी भारताच्या भरवशावर तूर लावली. इथेही शेतकऱ्यांनी उदंड तूर पेरली, २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आपण तूर आयातीवर मर्यादा घातली. आमच्या शेतकऱ्यासाठी ते योग्यच होतं, उशिरा झालं इतकंच. पण मोझांबिकमध्ये त्या वर्षी भाव कोसळले आणि तिथे तूर खाण्याची फारशी रीत नसल्याने विकायची कुठे, हा प्रश्न उरला. २०२१ मध्ये आपण आयात पुन्हा खुली केली. अकोल्याचा तूर उत्पादक आणि मोझांबिकच्या नांपुला प्रांतातला शेतकरी, दोघांनाही पेरणीच्या वेळी काढणीच्या वेळचं धोरण ठाऊक नसतं.

चलनाबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तरुण मंडळींना ती माहीत नसते. आज रुपया बऱ्यापैकी बाजारात ठरतो. पण स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशकं सरकारने तो मुद्दाम चढा ठेवला. १९६६ मध्ये डॉलर एका दिवसात ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसातवर न्यावा लागला, १९९१ मध्ये पुन्हा अवमूल्यन झालं. चढा रुपया म्हणजे कारखान्याला यंत्रसामग्री स्वस्त आणि शेतकऱ्याच्या कापसाला, तंबाखूला जगात मिळणाऱ्या डॉलरचे रुपये कमी. यावर कुठे 'कर' असं लिहिलेलं नसतं, म्हणून कोणी मोर्चाही काढत नाही. जागतिक बँकेने १९६० ते १९८५ या काळासाठी अठरा विकसनशील देशांचा अभ्यास केला होता. त्यात शेतमालावरचा थेट धोरणांचा भार सरासरी ८ टक्के निघाला, आणि चढं चलन व उद्योगांना दिलेलं संरक्षण यांतून आडून पडणारा भार २२ टक्के. चाकणच्या कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटनेचे शरद जोशी उणे सबसिडीची, म्हणजे धोरणं शेतकऱ्याला देण्याऐवजी त्याच्याकडूनच काढून घेतात याची, जी मांडणी करत होते, तिला हे आकडे फार जवळचे आहेत.

पण चलन उतरलं की शेतकऱ्याचं भलं आपोआप होतं असंही नाही. जानेवारी १९९४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रँकची किंमत निम्मी केली. माली आणि बुर्किना फासोच्या कापसाला जगात मिळणारे पैसे स्थानिक चलनात दुप्पट झाले. तिथे कापूस सरकारी कंपनीच घ्यायची. शेतकऱ्याचा भाव वाढला, पण दुपटीने नाही. मधला हिस्सा कंपनीकडे राहिला, आणि आयात खत लगेच महाग झालं. आपल्याकडेही पालाश (पोटॅश खत) पूर्णपणे बाहेरून येतं, डीएपीचा बराच भाग आणि त्याचा कच्चा माल बाहेरचा. युरियाची किंमत सरकारने धरून ठेवली आहे म्हणून गोणीवर रुपयाची घसरण दिसत नाही. पालाशच्या गोणीवर, औषधांवर आणि ट्रॅक्टरच्या टाकीत ती दिसते.

शहरातल्या ग्राहकाची बाजू मला नाकारायची नाही. पंधरा हजारांवर घर चालवणाऱ्या बाईला ऐंशी रुपये किलो कांदा परवडत नाही, आणि सरकारने तिचा विचार केलाच पाहिजे. माझं भांडण इतकंच आहे, की त्यासाठी राखीव साठा, थेट मदत, ठरलेल्या पायऱ्यांचं शुल्क असे मार्ग आहेत. भाव अमुकच्या वर गेला तर अमुक टक्के शुल्क, तमुकच्या खाली आला की आपोआप शून्य, हे लागवडीआधी जाहीर करा. करार झालेला आणि रस्त्यावर असलेला माल सोडा. यासाठी तिजोरीतून काही खर्च लागत नाही.

आता तुमच्या २०२५ च्या कांद्याकडे परत येतो. शुल्क शून्य झालं, पण उत्पादन भरपूर होतं. बांगलादेशचे परवाने आवळलेले होते, आखातात प्रतिस्पर्धी स्वस्त चलनाच्या जोरावर बसलेले होते. सप्टेंबरपासून सरकारने राखीव साठ्यातला कांदा शहरांत २४ रुपये किलोने विकायला काढला. त्यामुळे तुम्ही थांबलात तो भाव येण्याची वाटच बंद झाली होती. चार-पाच महिन्यांत चाळीतल्या मालाचा पाव ते तिसरा हिस्सा वजनात आणि सडीत जातो. म्हणजे १,२०० चा भाव सोडून थांबलात, तर १,६०० मिळूनही तुम्ही जेमतेम तिथेच येता, बाकी मजुरी वेगळी.

यंदा सगळा माल एका बोलीची वाट बघत ठेवू नका. काढणीला तिसरा हिस्सा, जुलै-ऑगस्टमध्ये तिसरा, उरलेला दिवाळीआधी. दिल्लीत किरकोळ कांदा पन्नाशीला टेकला, किंवा एखाद्या मोठ्या राज्यात निवडणूक लागली, की उरलेल्यातला निम्मा तरी त्या आठवड्यात काढा. अधिसूचना अनेकदा त्यानंतरच येते. आणि डॉलरच्या दराबरोबर पाकिस्तानी रुपयाचा दरही बघत जा. सिंधचा कांदा नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतो, तुमच्या लाल कांद्याबरोबरच.